शेतकऱ्याचा प्रश्न : पुणे केंद्राचा १९५६ चा नभोवाणी-प्रयोग

नभोवाणी स्वभावतः एकमार्गी असते. बोलणाऱ्यास ऐकू येत नाही आणि ऐकणाऱ्यास बोलता येत नाही. कॅनडातील शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांनी १९४१ पासून ही उणीव भरून काढावयास आरंभ केला होता. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तोच मार्ग १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत अनुसरला. 

आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळाचे सभासद एकत्र बसून ऐकत आणि लगेच चर्चा करीत. त्यांच्या शंका चिटणीस पुण्यास लिहून कळवी. उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. निरक्षर शेतकऱ्याचा तोंडी प्रश्न असा लेखी होऊन केंद्रापर्यंत पोहोचे, हेच या योजनेचे मर्म होय.

टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांत शेतकऱ्यांचे ज्ञान लक्षणीय वाढले. नुसताच रेडिओ असलेल्या गावांत ते फारसे वाढले नाही. यंत्र पुरविले की काम झाले, हा समज (कचेऱ्यांना तो विशेष प्रिय!) येथे टिकत नाही. १९५९ पासून मंडळांचा देशभर विस्तार सुरू झाला. आफ्रिकेत, घाना येथे १९६४-६५ मध्ये हीच पद्धती अवलंबिली गेली, आणि तेथेही कार्यक्रमानंतर गावकऱ्यांनी चर्चेस बसावे, अशीच योजना होती.