आमच्या सीपीयूची बैठक

माणसानं कुठं बसावं याचं आपल्याकडं केवढं शास्त्र आहे! पंगतीत व्याह्याचा पाट कुठं, कीर्तनात पेटीवाला कुठं, एस.टी.त पुढाऱ्याचा मेव्हणा कुठं, सगळं ठरलेलं. पण कॉम्प्युटरनं कुठं बसावं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. छे, खोटं कशाला बोलू? सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

गोष्ट २००४ सालची. मास्तरकीतून निवृत्त झालो, माझ्याच विद्यार्थ्यांच्या मुलांशेजारी बसून 'एमएस-सीआयटी' पास झालो आणि सोलापूरहून अक्कलकोटमार्गे एक कॉम्प्युटर मैंदर्गीला आणला. हेतू थोर होता. आजोबांनी कुलकर्णीपण केलेलं. त्यांच्या मोडी कागदांचा एक रुमाल फडताळात होता. तो बाळबोधीत उतरवून काढायचा. घरात मोडी वाचणारे दोघंच उरलो होतो, थोरले अण्णा आणि मी. अण्णांनी अक्षर लावायचं, मी टाइप करायचं.

टेबलावर मॉनिटर बसला, कीबोर्ड बसला, माझा चहा बसला. उरला तो उभा डबा. त्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे आतल्या पंख्याखाली दडलेली बिस्किटाएवढी चौकोनी चिप. म्हणजे अख्ख्या वाड्याला देवघर म्हणण्यापैकीच! तर हा वाडा मी टेबलाखाली, फरशीवर ठेवला.

"अहो, पायात येईल," आमची ही म्हणाली.

"अमेरिकेत खालीच ठेवतात."

"अमेरिकेत केरसुणीनं झाडतात का?"

झाडलोटीला येणाऱ्या अक्कांनी तर दुसऱ्याच दिवशी निकाल दिला, "गुरुजी, म्याल इडरी!" आमच्या गावात निम्मं बोलणं कानडीत होतं. 'वर ठेवा' एवढाच त्याचा अर्थ. पण सल्ला मोफत मिळाला की माणूस त्याची किंमत तेवढीच धरतो.

सातव्या महिन्यात एका दुपारी, पंख्याखाली, मी सुखानं पाय ताणले. डबा आडवा झाला. आतून 'टक्, टक्, टक्' असा आवाज आला, गणित चुकलेल्या पोराच्या डोक्यात टपल्या मारल्यासारखा, आणि पडदा काळा झाला. सोलापूरच्या दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला, तर आत धुळीची गोधडी अंथरलेली. "यातलं काही निघणार नाही, काका," तो म्हणाला. सात महिन्यांचं लिखाण गेलं.

मास्तर हरला की इतिहासाच्या पुस्तकात शिरतो. मीही शिरलो. तिथं कळलं की कॉम्प्युटर कुठं ठेवायचा हा प्रश्न पूर्वी नव्हताच. कॉम्प्युटरमध्ये माणूस कुठं ठेवायचा, हा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला 'टिफ्रॅक' १८ फूट लांब आणि ८ फूट उंच पोलादी सांगाड्यात उभा होता. १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं बारसं झालं. त्याला लाथ मारली असती तर पायच मोडला असता.

पुढं १९८१ साली आयबीएमचा 'पीसी' आला, तो आडवा, चपटा. मॉनिटर त्याच्याच डोक्यावर बसायचा. त्या ओझ्यानं डबा जागचा हलायचा नाही. सासूच्या वजनाखाली सून स्थिर, तसं. मग टेबलावरची जागा वाचवायला लोकांनी डबे उभे केले. १९८७ साली आयबीएमनं 'पीएस/२' मालिकेतली काही मॉडेलं मुद्दाम जमिनीवर उभी राहतील अशीच काढली. पण बूड अरुंद, उंची जास्त. शिवाय आमच्या शहाबादी फरशीवर रोज केरसुणी, रोज ओलं फडकं, आणि उन्हाळ्यात काळ्या रानाची धूळ. पुढचा पंखा हवा ओढतो, तीच ही हवा! आत हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि लिहिणारी सुई त्यांच्यावर केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट कमी अंतरावर तरंगते. चालू असताना धक्का बसला की सुई तबकडीला खरवडते. माझा पाय नेमका तिथं लागला होता.

एवढं वाचून मी फडताळ उघडलं. आजोबांचा रुमाल जसाच्या तसा! छातीइतक्या उंचीवर, भिंतीपासून जरा सुटा, धूळ अडेल पण हवा खेळेल अशा कापडात बांधलेला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत म्हणतात. वाळवी, ओल आणि पाय या तीन शत्रूंचं ज्ञान आमच्या आजोबांना एमएस-सीआयटीशिवाय झालेलं होतं.

आता आमचा सीपीयू टेबलावर बसतो. टेबल चार पायांवर नीट टेकलेलं, डुगडुगणारं नाही. काठापासून वीतभर आत, भिंतीपासून चार बोटं पुढं, म्हणजे मागची गरम हवा निघून जाते. खिडकीचं ऊन लागत नाही. वायरी ताणलेल्या नाहीत, पायात लोंबत नाहीत. चालू असताना त्याच्यावर क्रोशाचं झाकण घालायला हिला बंदी आहे, आणि तिथं चहा ठेवायला मला.

रुमाल मी पुन्हा उतरवला. या खेपेला तीन प्रती काढल्या आणि वेगवेगळ्या घरी ठेवल्या. मात्र पहिली खेप आणि दुसरी खेप यांच्यामध्ये अण्णा गेले. अकरा कागद असे आहेत की, अण्णांनी ते मला घडाघडा वाचून दाखवले होते आणि मी ते बिनचूक टाइप केले होते. आता त्यांच्यातली अक्षरं मला लागत नाहीत. तिथं मी रिकाम्या ओळी सोडल्या आहेत.

अक्का अजून येतात. टेबलाखालची मोकळी फरशी ऐसपैस पुसतात, वर बसलेल्या डब्याकडं एकदा पाहतात आणि काही बोलत नाहीत. उत्तर बरोबर आलं की मीही वर्गात असाच पुढच्या बाकाकडं वळायचो.