माळ्याच्या हातीं लेखणी

बागाईत हा केवळ हातांचा धंदा आहे, ही समजूत फार जुनी आहे. कुदळ, खुरपें, कात्री आणि झारी हीं नीट चालवितां आलीं कीं माळी तयार झाला, असें लोक मानीत आले. परंतु मोठ्या बागेचें काम एका माणसाच्या हातून कधींच होत नाहीं. रात्रीं काचघराची भट्टी राखणारा निराळा, सकाळीं पाणी घालणारा निराळा आणि रोपें कुंडींतून जमिनींत लावणारा निराळा. कोणत्या पेटींत कोणतें बीं पेरलें, कोणत्या रोपास काल पाणी दिलें, हें एकानें दुसऱ्यास वेळेवर सांगितलें नाहीं, तर वर्षाची मेहनत एका रात्रींत फुकट जाते. नीट सांगणें, नीट ऐकणें, लिहून ठेवणें आणि मिळून वागणें हींही माळ्याच्या विद्येचीं अंगें आहेत. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील माळ्यांनीं हीं अंगें कशीं कमाविलीं, त्याचा इतिहास लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

लंडनची हॉर्टिकल्चरल सोसायटी १८०४ सालीं स्थापन झाली. १८२२ सालीं तिनें चिझिक येथें ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांची ३३ एकर जमीन भाडेपट्ट्यानें घेऊन बाग उभारली. या बागेंत नव्यानें येणाऱ्या मजुरांना व उमेदवार माळ्यांना एका वहींत आपली माहिती स्वहस्तें लिहावी लागे. ज्याच्या हातीं उद्यां फावडें द्यावयाचें, त्याच्या हातीं आधीं लेखणी दिली जाई. १८२३ सालीं जोसेफ पॅक्स्टन नांवाच्या, बेडफर्डशायरच्या एका शेतकऱ्याच्या मुलानें या वहींत आपलें नांव लिहिलें. जन्माचें साल मात्र त्यानें १८०३ ऐवजीं १८०१ घातलें. विशीच्या उंबरठ्यावरील त्या मुलाला मोठें दिसण्याची घाई झालेली असावी.

ड्यूकचा वाडा या बागेला लागूनच होता व ते बागेंत फिरावयास येत. त्यांना ऐकूं कमी येई. पण या तरुण माळ्याचें स्पष्ट बोलणें त्यांना समजे, असें सांगतात. १८२६ सालीं त्यांनीं पॅक्स्टन यास चॅट्सवर्थ येथील आपल्या विस्तीर्ण बागेचा मुख्य माळी नेमलें. त्या वेळीं त्याचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. ९ मे रोजीं पहाटे साडेचारला तो तेथें पोंचला. दार बंद होतें, म्हणून फाटकावरून चढून आंत गेला, सगळी बाग पायांखालीं घातली आणि सहा वाजतां माणसें कामास लाविलीं. ही हकीकत त्यानें स्वतःच पुढें सांगितली आहे. वयानें व अनुभवानें वडील असलेल्या माळ्यांकडून काम करून घेणें ही त्याची पहिली परीक्षा होती.

त्याच १८२६ सालीं जॉन क्लॉडियस लाउडन यानें ‘गार्डनर्स मॅगझिन’ हें नियतकालिक काढलें. आदल्याच वर्षीं लाउडनचा उजवा हात कापावा लागला होता. पण हात गेला म्हणून त्याचें लेखन थांबलें नाहीं. पुढें त्याची पत्नी जेन ही त्याच्या सांगण्यावरून लिहून घेई. या नियतकालिकांत नोकरीवर असलेले माळी स्वतःचे अनुभव लिहीत, शंका विचारीत आणि एकमेकांचीं मतें खोडूनही काढीत. १८३१ सालीं लाउडननें चॅट्सवर्थच्या बागेवर टीका केली, तेव्हां पॅक्स्टननें आपल्या ‘हॉर्टिकल्चरल रजिस्टर’ मासिकांतून तिला उत्तर दिलें. माळ्यानें विद्वानास छापील उत्तर द्यावें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. लाउडन १८४३ सालीं वारला. तरुण माळ्यांना अंकगणित, हिशेब, भूमिति व मोजणी स्वतः शिकतां यावी, म्हणून त्यानें लिहिलेला ग्रंथ १८४५ सालीं प्रसिद्ध झाला.

माळी एकमेकांच्या किती भरंवशावर असतात, हें दूरच्या प्रवासांत विशेष दिसून येई. १८३५ सालीं चॅट्सवर्थचा जॉन गिब्सन हा माळी हिंदुस्थानांत आला. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख वॉलिक यांचें त्याला साहाय्य झालें. खासी टेकड्यांतून पुष्कळ ऑर्किड जमवून व अ‍ॅमहर्स्टिया वृक्षाचें रोप घेऊन तो १८३७ सालीं परतला. परंतु प्रत्येकाचें नशीब असें नव्हतें. रॉबर्ट वॉलेस व पीटर बँक्स हे चॅट्सवर्थचेच दोन तरुण माळी उत्तर अमेरिकेंत वनस्पति गोळा करण्यासाठीं गेले होते. १८३८ च्या ऑक्टोबरांत कोलंबिया नदींत नाव उलटून ते दोघेही बुडाले. ही बातमी इंग्लंडांत पोंचण्यास कित्येक महिने लागले. काचघरांतील एखाद्या रोपामागें केवढें मोल दडलेलें असतें, तें पाहणाराला दिसत नाहीं.

१८४९ च्या ऑगस्टांत क्यू येथील सरकारी उद्यानानें व्हिक्टोरिया या प्रचंड कमळाचें एक लहानसें रोप पॅक्स्टनला दिलें. त्यानें ऊन पाण्याचें टांकें बांधविलें, पाणी हालतें राहावें म्हणून त्यांत लहान चक्रें बसविलीं आणि रोपाची निगा एडवर्ड ऑर्टगीस या माळ्याकडे सोंपविली. नोव्हेंबरांत कमळ फुललें. क्यू येथें तें दुसऱ्या वर्षीं फुललें. रोप एका बागेचें आणि फूल दुसऱ्या बागेंत! परंतु रोप देणाऱ्यांनीं हात आंखडता घेतला असता, तर त्या वर्षीं इंग्लंडांत तें फूल कोणासही दिसलें नसतें. काचघरें बांधण्याच्या याच अनुभवावर पुढें १८५१ चा लंडनचा स्फटिक-प्रासाद उभा राहिला.

पॅक्स्टन हा एकटा वर चढला. सामान्य माळ्याची वाट मोकळी व्हावयाची होती. ती माळ्यांनींच केली. १८७१ सालीं क्यू येथील माळ्यांनीं ‘म्युच्युअल इम्प्रूव्हमेंट सोसायटी’ म्हणजे परस्पर-सुधारणा मंडळ स्थापिलें. दिवसभर मातींत राबलेला तरुण तेथें आपल्या सोबत्यांपुढें उभा राहून निबंध वाची आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरें देई. आज जो वक्ता, तोच पुढील वेळीं श्रोता. चूक कबूल करणें व दुसऱ्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घेणें, हें कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नसलेलें शिक्षण त्यांना तेथें मिळालें. १८९६ सालीं क्यू येथें पहिल्या दोन स्त्रिया माळीकामावर घेतल्या गेल्या, तेव्हां त्यांना पुरुषांसारखाच पोषाख घालण्याची अट पडली. पोषाखावरून वर्तमानपत्रांनीं थट्टा केली, तरी त्यांनीं आपलें काम सोडलें नाहीं.

या परंपरेचा एक धागा मराठी संस्थानापर्यंत येऊन पोंचला. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या बडोद्यांत १८९३ सालीं क्यू येथें शिकलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबीगल हे बागांची व्यवस्था पाहण्यास आले. पुढें १९०८ सालीं ते म्हैसूर संस्थानांत गेले व बंगळूरची लालबाग त्यांच्या हातीं आली. १९१२ सालीं म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी स्थापन झाली, तिच्या उभारणींत त्यांचा वांटा होता. सरकारी बाग आणि घरची बाग करणारे नागरिक यांस तिनें एकत्र आणिलें. लालबागेंत आजही पुष्पप्रदर्शनें भरतात आणि त्यांस हजारों लोक जातात.

माळ्याचें कसब आपल्या देशांतही थोर होतें. पण तें बहुधा बापाकडून मुलाकडे तोंडीं जाई, आणि जेथें मुलगा दुसऱ्या धंद्यांत शिरे, तेथें बापाबरोबर तेंही जाई. चिझिकच्या वहींत स्वतःचें नांव लिहिणारा मुलगा आणि क्यूच्या मंडळांत चांचरत निबंध वाचणारा तरुण, या दोघांनीं तें ज्ञान एकाच्या मुठींतून सोडवून सर्वांचें केलें. बागेंत माणसें कामास लाविली जातात तेव्हां त्यांच्या हातीं अवजार देण्याबरोबरच त्यांना चार शब्द बोलण्याची, विचारण्याची व लिहून ठेवण्याची संधि दिली जाते कीं नाहीं, यावर त्या बागेचें पुढील पन्नास वर्षांचें भवितव्य पुष्कळसें अवलंबून असतें.