क्षेत्राच्या खात्यात शिल्लक आहे

पदवीच्या पहिल्या वर्षी विद्युत-चुंबकत्व शिकताना सुरुवातीलाच क्षेत्राची व्याख्या येते: एकक धन प्रभारावर लागणारं बल म्हणजे त्या जागचं विद्युतक्षेत्र. व्याख्या सोपी आहे, हमखास गुण देणारी आहे, आणि तिच्याबरोबर एक समजूत आपसूक गळ्यात पडते. खरी वस्तू प्रभार, खरी घटना बल. क्षेत्र म्हणजे मधल्यामध्ये काढलेली हिशेबाची सोय. मग दिवा कसा लागतो, असं विचारलं की उत्तर तयार असतं: तारेतून इलेक्ट्रॉन येतात, टाकीतलं पाणी नळाला यावं तसे. विज्ञान आणि अभियांत्रिकी, दोन्हीकडच्या वर्गांत हे मत सर्रास चालतं. मला ते चूक वाटतं.

व्याख्येपुरतं आधी सांगून टाकतो. व्याख्या क्षेत्र कसं मोजायचं ते सांगते, ते कशात असतं ते नव्हे. ताप थर्मामीटरने मोजतात; काखेतून थर्मामीटर काढला म्हणून ताप उतरत नाही.

नळाची उपमा मात्र एवढ्या सहज सुटत नाही. आणि खंडन करायचं तर पूर्वपक्ष त्याच्या सगळ्यांत बळकट रूपात मांडावा, ही आपल्याकडच्या वादाची जुनी शिस्त आहे. या उपमेवरचा नेहमीचा आक्षेप असा, की इलेक्ट्रॉन फार हळू चालतात. आकडे खरोखर गमतीचे आहेत. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉनांची सरासरी सरक तासाला साधारण २६ सेंटिमीटर भरते. घरात येणारी ५० हर्ट्झची धारा एवढीच असेल तर तेवढीही वाटचाल नाही. ते जागच्या जागी पुढेमागे झुलतात, आणि हा झोका एका मायक्रॉनहून लहान असतो. पण पूर्वपक्षी एवढ्यावर हरत नाही, हरूही नये. तो म्हणेल, नळी आधीच भरलेली आहे. या टोकाला ढकललं की त्या टोकाला बाहेर पडतं. टाकीतला थेंब कुठे धावत येतो? दाब येतो. हे उत्तर चांगलं आहे, म्हणून आक्षेप दुसऱ्या बाजूने घ्यायला हवा.

को-ॲक्सियल केबल घ्या. मधली तार आणि भोवतीची जाळी यांच्यामध्ये भरीव पॉलिथिन असेल, तर संदेश प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगाने जातो. तांबं तेच ठेवून पॉलिथिनच्या जागी हवा येऊ द्या, वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतो. धातूला हात न लावता वेग बदलला! जे जातं ते तांब्याच्या पोटातून जात असेल, तर बाहेरच्या प्लास्टिकशी त्याचं काय देणंघेणं? पूर्वपक्षी इथेही तोंड देईल: रबरी नळीतसुद्धा दाबाची लाट मंदावते, कारण भिंत ताणली जाते. मान्य. पण मग काही ऊर्जा भिंतीत साठते हे त्याने कबूल केलं, आणि इथे ही भिंत तांब्याबाहेर आहे. आता ती भिंतही काढून घ्या, तार आणि जाळी यांच्यात निर्वात पोकळी ठेवा. तरी वेग अमर्याद होत नाही, प्रकाशाच्या वेगाला येऊन थांबतो. जिथे काहीच नाही, तिथेही काहीतरी ताणलं जातं आहे. फॅरडेने यातला पहिला धागा १८५४ मध्येच पकडला होता. गटापर्चाचं वेष्टण घातलेल्या, पाण्याखालच्या तारेत संदेश का रेंगाळतो? तार, वेष्टण आणि पाणी मिळून एक लांबलचक लायडन जार तयार होते म्हणून.

ट्रान्सफॉर्मरबद्दल तर बोलायलाच नको. गावातल्या डीपीत ११ हजार व्होल्टची गुंडाळी आणि घरांकडे जाणारी गुंडाळी यांच्यात धातूचा सांधा नसतो. कोयनेतला एकही इलेक्ट्रॉन तुमच्या मिक्सरपर्यंत येत नाही. पाण्याची नळी मध्येच कापून, दोन्ही तोंडं बुजवून, पुढे पाणी चालू ठेवून दाखवावं कुणी.

ही चूक निरुपद्रवी असती तर मी लेखणी उचलली नसती. १८८० च्या दशकात ब्रिटिश टपाल खात्यातले वजनदार अभियंते विल्यम प्रीस तारेतलं स्वप्रवर्तन टेलिफोनला घातक मानत. ऑलिव्हर हेव्हिसाइड हा एकेकाळचा तारयंत्र चालक, कॉलेजचं तोंडही न पाहिलेला माणूस. त्याने मॅक्सवेलची क्षेत्रसमीकरणं हाताशी घेऊन १८८७ मध्ये नेमकं उलट दाखवलं: स्वप्रवर्तन वाढवा, आवाज कमी फाटेल. प्रीसने या संशोधनाची छपाई अडवली. पुढे याच तत्त्वावरच्या गुंडाळ्यांचं पेटंट १९०० मध्ये अमेरिकेत मायकेल पुपिनला मिळालं. पैसाही त्यालाच.

आता 'हिशेबाची सोय' या शब्दाकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. दोन प्रभार एकमेकांना काटकोनात धावत असले, तर त्यांची एकमेकांवरची चुंबकीय बलं साधारणपणे समान आणि विरुद्ध निघत नाहीत. न्यूटनचा तिसरा नियम मोडला, संवेग हरवला. तो सापडतो क्षेत्राच्या नावावर. तिथे मांडला की वही जुळते. सूर्यावरून निघालेली ऊर्जा आठ मिनिटं वीस सेकंद सूर्याकडे नसते आणि आपल्याकडेही नसते. तेवढा वेळ ती कुणाच्या खात्यावर असते? त्या खात्यातला संवेग काढूनही घेता येतो. २०१० मध्ये जपानचं इकारोस हे यान प्रकाशाच्या दाबावर शिडाने चाललं. ज्या खात्यात शिल्लक पडते आणि पैसे काढता येतात, ते खातं बनावट कसं?

क्षेत्राला हाकलून लावायचा गंभीर प्रयत्न झालाच नाही असंही नाही. व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये प्रभारांच्या परस्पर क्रियेवरच सगळं उभं केलं. पण त्यासाठी अर्धा परिणाम भविष्यातून मागे येतो, असं मानावं लागलं. खुद्द फाइनमननेही पुढे ती वाट सोडली.

अलीकडे दुसरं टोकही ऐकू येतं: ऊर्जा बाहेरून जाते, तेव्हा तारेला काही अर्थच नाही. हा अतिरेक आहे. तारेच्या पृष्ठभागावर जमलेले प्रभार आणि आतली धारा यांच्यामुळेच क्षेत्राला वळण मिळतं, आणि ऊर्जा तारेच्या कडेकडेने जाते. पॉयंटिंगने १८८४ मध्ये या प्रवाहाचं सूत्र दिलं. ते गिझरच्या कॉइलला लावून पाहा. कॉइल सरळ ताणलेली तार आहे असं धरा. विद्युतक्षेत्र म्हणजे व्होल्ट भागिले लांबी. चुंबकीय क्षेत्र म्हणजे धारा भागिले परीघ. दोघांचा गुणाकार करून तारेच्या बाजूच्या क्षेत्रफळाने गुणा. लांबी कटते, परीघ कटतो, उरतात व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे बिलात लागतात तेवढेच वॅट. पाणी तापवणारी ऊर्जा कॉइलच्या टोकातून नव्हे, चहूबाजूंनी आत शिरते.

एवढं गणित पहिल्या वर्षाच्या मुलाला झेपतं. शिक्षकांना माझं सांगणं इतकंच: नळाची उपमा जरूर द्या, ओहमच्या नियमापर्यंत ती बरी चालते. ट्रान्सफॉर्मरचा तास सुरू करण्याआधी मात्र ती फळ्यावरून पुसा.