प्रन्यास बरखास्त झाल्यास जमीन कोणाची? नागपूर सुधार प्रन्यासाच्या निमित्ताने

संस्था निर्माण करणाऱ्या कायद्याची आरंभीची कलमे सारेच वाचतात. तिचा अंत सांगणारी कलमे बहुधा वकिलांपुरतीच राहतात. नागपूर सुधार प्रन्यासाच्या बाबतीत मात्र ह्या दुसऱ्या प्रकारच्या कलमांकडे नगरेतिहासाच्या अभ्यासकास वळावे लागले, ते अलीकडच्या दशकात.

प्रन्यासाचा कायदा जुन्या मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९३६ साली केला. जमीन संपादावी, रस्ते काढावे, भूखंड पाडावे, ते मुदतीच्या पट्ट्याने द्यावे आणि येणाऱ्या उत्पन्नातून पुढची योजना हाती घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. रामदासपेठेसारख्या वस्तीत राहणाऱ्यास हे समजावून सांगावयास नको. नागपुरात घराचा मालक एक आणि घराखालच्या जमिनीचा मालक दुसरा, हा अनुभव जुना आहे. त्यातही नझूल, म्हणजे सरकारच्या मालकीची शहरी जमीन, आणि प्रन्यासाची जमीन ह्यांतील भेद कागदपत्रे हाती घेतल्यावाचून उमगत नाही.

तेव्हा प्रन्यास विसर्जित झाल्यास नेमके काय हस्तांतरित होते? केवळ मोकळे भूखंड नव्हेत. भुईभाडे घेण्याचा हक्क, पट्ट्याची मुदत संपल्यावर जमीन परत मिळण्याचा हक्क, अटींचा भंग झाल्यास कारवाईचा अधिकार, आणि त्यांच्याबरोबरच अपुऱ्या योजना, देणी व न्यायालयांतील दावे हेही नव्या धन्याच्या पदरी पडतात. माझ्या मते ह्या सर्वांहून मोलाची वस्तू म्हणजे दप्तर होय. पट्ट्याची नोंदवही हरवली, तर मालकी कायद्याने कायम राहूनही व्यवहारात नाहीशी होते. आणि खेळाच्या मैदानासाठी राखलेला तुकडा कोणासाठी राखला होता, हे सांगणारा कोणी उरत नाही.

मुंबईचा दाखला येथे उद्बोधक आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, तेथे सुधार प्रन्यास स्थापन झाला. १९२५ च्या हस्तांतर कायद्याने त्याचा कारभार महानगरपालिकेकडे येऊ लागला आणि १९३३ मध्ये विलीनीकरण पुरे झाले. हे काम टप्प्याटप्प्याने झाले, हे विशेष. प्रन्यासाचे काम पाहणारी सुधार समिती पालिकेच्या कायद्यातच रुजली. दादर-माटुंग्याचे पट्टे पालिकेचे झाले. आणि प्रन्यासाने बांधलेल्या चाळींना लोक आजही ‘बीआयटी चाळी’ म्हणतात. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. संस्था गेली, तिची आद्याक्षरे मात्र भाडेकरूंच्या तोंडी राहिली. दिल्लीत १९३७ चा प्रन्यास १९५७ च्या विकास प्राधिकरणात विलीन झाला. तेथे जमीन लोकनियुक्त पालिकेकडे न जाता दुसऱ्या प्राधिकरणाकडेच गेली.

नागपुरात ह्या दोन्ही वाटांचा मोह पडला. २००२ साली, प्रन्यासाच्या सात योजना वगळता, शहराचे नियोजन महानगरपालिकेकडे सोपविण्यात आले. २०१७ मध्ये शहराबाहेरील प्रदेशासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले. २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने प्रन्यासाच्या बरखास्तीस मान्यता दिली. सत्तांतरानंतर, २०२१ मध्ये, ती मागे घेण्यात आली. प्रन्यास पुन्हा उभा राहिला.

एकाच शहरात दोन यंत्रणा नकोत, हा बरखास्तीच्या बाजूचा युक्तिवाद वजनदार होता, हे मान्य केले पाहिजे. नागरिकाला नकाशासाठी एक दार आणि करासाठी दुसरे दार, हा त्रास कल्पित नव्हे. पण वाद प्रामुख्याने ‘अधिकार कोणाचा’ ह्याभोवती फिरला. ‘जमीन कोणत्या अटींसह कोणाकडे’ हा प्रश्न मागे पडला. गुंठेवारीच्या ५७२ व १९०० ह्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या अभिन्यासांतील रहिवाशांना तर भूखंड नियमित झाल्याचा कागद कोणत्या कार्यालयातून मिळणार, एवढेच जाणून घ्यावयाचे होते. त्या दोन वर्षांत हा प्रश्न विचारणाऱ्याला निर्णय मंत्रिमंडळाचा, धारिका सदरच्या कार्यालयातील आणि घर आपले, अशा तीन टोकांमध्ये उभे राहावे लागले.