जगदीशचंद्र बोस आणि पेटंटाचा प्रश्न (१८९५–१९१७)

१

आचार्य जगदीशचंद्र बोस (१८५८–१९३७) यांनी आपल्या शोधांचे पेटंट घेतले नाही, हे विधान आपल्याकडील चरित्रपर लेखनात इतक्या वेळा आले आहे की, त्याची छाननी करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. अलीकडे त्याच्या जोडीला दुसरे विधान रूढ झाले आहे. बोस यांच्या नावे अमेरिकेत पेटंट नोंदले गेले होते, सबब पहिले विधान ही निव्वळ दंतकथा होय, असे ते विधान. दोन्ही विधानांत तथ्यांश आहे. परंतु दोन्ही अपुरी आहेत. उपलब्ध साधने कालानुक्रमे लावून पाहिली असता असे दिसून येते की, ह्या प्रश्नावर बोस यांनी १८९५ ते १९१७ ह्या अवधीत एक नव्हे, तर चार वेळा निर्णय केला, आणि दर वेळची परिस्थिती निराळी होती. ह्या चार निर्णयांचा क्रम लावणे, आणि शोधकाने पेटंट घ्यावे की न घ्यावे ह्या प्रश्नाचे खरे स्वरूप त्यांवरून कितपत उलगडते ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम तत्कालीन कायद्याचा विचार करणे अवश्य आहे. हिंदुस्थानात शोधकास काही काळापुरता अनन्य अधिकार देणारा पहिला कायदा १८५६ साली झाला. त्याखालील पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंग यांचा असून तो पंखा ओढण्याच्या यंत्रासंबंधी होता. इंग्लंडच्या राणीची पूर्वसंमती न घेता केलेला म्हणून हा कायदा लगेच रद्द झाला. १८५९ साली तो पुन्हा करण्यात आला आणि अधिकाराची मुदत चौदा वर्षे ठरली. पुढे १८८८ व १९११ साली नवे कायदे झाले. तात्पर्य, बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले त्या कलकत्त्यात पेटंट ही काही अश्रुतपूर्व वस्तू नव्हती. बोस यांचे वर्तन अज्ञानमूलक होते असे म्हणण्यास आधार नाही.

इंग्लंडात १८८३ च्या कायद्याने पेटंट मिळविणे बरेच सुलभ केले होते. प्रारंभीची फी पंचवीस पौंडांवरून चार पौंडांवर आली होती. शोधकाने प्रथम हंगामी तपशील दाखल करावा व पूर्ण तपशील काही महिन्यांनी द्यावा, अशी सोय होती. मात्र एक अट कडक होती. अर्ज करण्यापूर्वी शोध प्रसिद्ध झाला असेल, मग तो खुद्द शोधकाने का प्रसिद्ध केलेला असेना, तर त्याचे नावीन्य नष्ट झाले असे कायदा मानी. अमेरिकेचा कायदा ह्या बाबतीत सौम्य होता. प्रसिद्धीनंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करण्याची मुभा त्यात होती. ह्या दोन नियमांतील फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

३

बोस यांनी विद्युत्-लहरींवरील प्रयोगांस १८९४ साली प्रारंभ केला. हर्ट्झच्या प्रयोगांतील लहरी लांब होत्या. बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून त्यांचे परावर्तन, वक्रीभवन व ध्रुवीकरण सिद्ध केले. मे १८९५ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांचा पहिला निबंध वाचला गेला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. लहरी भिंतींतून पलीकडे गेल्या, घंटा वाजली व दारूचा स्फोट झाला. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी शुक्रवारचे सायंव्याख्यान दिले. त्या वेळी उपकरणे उघडी मांडलेली होती आणि त्यांची रचना कोणासही पाहण्यास मोकळी होती. रचनेविषयी कसलीच गुप्तता राखली गेली नाही, ह्याबद्दल विद्युत्-व्यवसायाला वाहिलेल्या एका इंग्रजी नियतकालिकाने आश्चर्य व्यक्त केले होते.

ह्याच सुमारास लंडनमध्ये गुल्येल्मो मार्कोनी हा बावीस वर्षांचा तरुण काय करीत होता, हे पाहणे उद्बोधक आहे. २ जून १८९६ रोजी त्याने हंगामी अर्ज दाखल केला. १२ डिसेंबर १८९६ रोजी टॉइन्बी हॉलमध्ये विल्यम प्रीस यांच्या व्याख्यानाच्या वेळी त्याच्या यंत्राचे प्रदर्शन झाले. परंतु यंत्र बंद पेटीत होते आणि पेटीत काय आहे हे श्रोत्यांस दाखविण्यात आले नाही. मार्च १८९७ मध्ये पूर्ण तपशील दाखल झाला, आणि जुलैमध्ये पेटंट पदरात पडताच त्याच महिन्यात कंपनीची स्थापना झाली. टॉइन्बी हॉलमधील ती बंद पेटी आणि रॉयल इन्स्टिट्यूशनमधील ते उघडे मेज ह्यांत जेमतेम सात आठवड्यांचे अंतर आहे.

बोस यांचा पहिला निर्णय तो हाच. किंबहुना त्यास निर्णय म्हणावे की नाही, हाही प्रश्नच आहे. संशोधन पूर्ण झाले की निबंध वाचावा, प्रयोग दाखवावा, ही विद्वत्सभांची रीत होती आणि बोस तिला अनुसरले. ऑलिव्हर लॉज ह्यांनीही १८९४ साली हर्ट्झच्या लहरींवरील आपले प्रयोग अशाच खुलेपणाने दाखविले होते. परंतु विज्ञानाच्या रीतीने जे कर्तव्य, ते कायद्याच्या दृष्टीने हक्काचे विसर्जन होते. इंग्लंडातील दार त्या त्या निबंधाबरोबर आपोआप बंद होत गेले, आणि ते बंद करताना त्याग करीत असल्याची जाणीव त्यामागे असावीच असे नाही.

४

दुसरा निर्णय मात्र पूर्ण जाणिवेचा आहे. १९०० च्या पॅरिस येथील पदार्थविज्ञान-परिषदेनंतर बोस इंग्लंडात राहिले. १० मे १९०१ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे दुसरे सायंव्याख्यान झाले. त्यानंतर एका आठवड्याने त्यांनी रवींद्रनाथ ठाकूर यांस लिहिलेले पत्र ह्या विषयाचे सर्वांत महत्त्वाचे साधन होय. व्याख्यानापूर्वी एका प्रसिद्ध तारायंत्र कंपनीचा धनाढ्य मालक पेटंटाचा छापील अर्ज हाती घेऊन आपणाकडे आला, व्याख्यानात सर्व काही उघड करू नका अशी त्याने विनवणी केली आणि नफ्यात वाटा देऊ केला, असे त्यात नमूद आहे. मालकाचे नाव पत्रात नाही. बोस यांनी नकार दिला. एकदा ह्या फेऱ्यात सापडल्यावर सुटका नाही, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय आहे.

येथे नकाराचे कारण नीट लक्षात घेतले पाहिजे. पैसा अपवित्र आहे, एवढाच त्याचा अर्थ नव्हे. त्या मनुष्याची मुख्य मागणी मौनाची होती. पेटंटाची किंमत म्हणून व्याख्यानातील काही भाग झाकून ठेवावा, असे त्याचे म्हणणे होते. पुढील संशोधनाची दिशा व प्रसिद्धीची वेळ व्यापाऱ्याच्या सोयीने ठरावी, हे बोस यांस मान्य होण्यासारखे नव्हते.

५

असे असता केवळ साडेचार महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९०१ रोजी, बोस यांच्या नावे अमेरिकेत अर्ज दाखल झाला, आणि २९ मार्च १९०४ रोजी त्यास ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. विषय होता विद्युत्-लहरी ओळखणारे ग्राहक-उपकरण; त्यात गॅलेना ह्या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकांचा उपयोग केलेला होता. पेटंटाचा अर्धा हिस्सा मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिजच्या सारा चॅपमन बुल यांच्या नावे लिहून दिलेला होता. श्रीमती बुल ह्या स्वामी विवेकानंदांच्या शिष्या. त्यांनी व भगिनी निवेदिता यांनी आग्रह धरून हा अर्ज करविला, हे सर्वमान्य आहे. शोधाचे श्रेय दुसऱ्याच्या नावे लागू नये, आणि त्यापासून धन मिळाल्यास ते पुढील संशोधनास उपयोगी पडावे, अशी ह्या हितचिंतकांची भूमिका दिसते.

अर्ज अमेरिकेत आणि गॅलेनाच्याच उपकरणासाठी का झाला, ह्याचा उलगडा वर सांगितलेल्या नियमांवरून काही अंशी होतो. एप्रिल १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आलेल्या निबंधात बोस यांनी निरनिराळ्या धातूंच्या स्पर्शावर चालणाऱ्या ग्राहकांचे वर्णन केले होते. त्या निबंधापुरती अमेरिकेतील दोन वर्षांची सवलतही १९०१ च्या वसंतातच संपली होती. पूर्वी प्रसिद्ध केलेले बहुतेक सर्व हातचे गेले होते. उरलेल्याचे रक्षण करण्याचा हा प्रयत्न होता.

पेटंट मिळाले, परंतु बोस यांनी त्याचा व्यापारी उपयोग केला नाही. त्यांनी ते रद्द होऊ दिले, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. अमेरिकेत त्या काळी पेटंट चालू ठेवण्यासाठी नूतनीकरणाची फी नव्हती आणि मुदत सतरा वर्षांची होती. म्हणून कागदोपत्री ते १९२१ पर्यंत जिवंत होते, इतकेच की त्याचा वापर झाला नाही. दरम्यान १९०६ मध्ये डनवुडी व पिकर्ड यांनी अमेरिकेत स्फटिक-ग्राहकांची आपापली पेटंटे घेतली, आणि पुढे अशा स्फटिकांवर चालणारे रेडिओ घरोघर पोहोचले. अर्धसंवाहक स्फटिकाचा रेडिओ-लहरींसाठी प्रथम उपयोग बोस यांनी केला, हे ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक वॉल्टर ब्रॅटन यांनी १९५५ साली एका सहलेखकासमवेत लिहिलेल्या इतिहासात मान्य केले. मान्यता आली ती अशी अर्ध्या शतकानंतर.

६

जे मुक्त ठेवले त्याचे काय झाले? १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने न्यूफाउंडलंड येथे अटलांटिकपलीकडून आलेला संकेत ऐकला. त्या वेळी त्याने वापरलेला पाऱ्याचा ग्राहक इटलीच्या नौदलाकडून त्यास मिळाला होता, आणि त्याच वर्षी त्याने इंग्लंडात त्याच्या पेटंटासाठी अर्जही केला होता. ह्या उपकरणाचे मूळ बोस यांच्या १८९९ च्या निबंधात आहे, असे प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ साली साधार मांडले. हे मत स्वीकारल्यास एक कठोर अनुमान निघते. ज्ञान प्रसिद्ध केले म्हणजे ते सर्वांचे होते, ही श्रद्धा तत्त्वतः बरोबर आहे. परंतु इंग्लंडच्या पेटंट कार्यालयात अर्जाचे नावीन्य तपासण्याची पद्धतच १९०५ पर्यंत नव्हती. पूर्वीचा निबंध दाखवून हरकत घेण्याचे काम ज्याचे त्यानेच करावयाचे, आणि त्यासाठी सवड, वकील व पैसा लागे. लॉज यांनी १८९७ साली उशिराने का होईना पेटंट घेतले आणि चिकाटीने टिकविले. १९११ मध्ये मार्कोनी कंपनीस ते विकत घ्यावे लागले. बोस यांच्या बाजूने असा पाठपुरावा करणारे कोणी नव्हते, आणि स्वतः बोस तोपर्यंत वनस्पतींच्या संवेदनांच्या अभ्यासाकडे वळले होते.

मग पेटंट घेतले असते तर बोस धनाढ्य झाले असते, असे मानावे काय? ह्या ठिकाणी मुंबईचे शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचे उदाहरण उपयोगी पडते. स्वयंचलित वजनयंत्राच्या कल्पनेस लंडनमधील एका स्पर्धेत पारितोषिक मिळाल्यावर भिसे यांनी इंग्लंड गाठले. दादाभाई नवरोजी यांचे साहाय्य त्यांस लाभले. त्यांनी बोस यांच्या अगदी उलट मार्ग धरला. शोध करावा, पेटंट घ्यावे व भांडवलदार गाठावा, हा त्यांचा क्रम होता. मुद्रणाचे खिळे ओतण्याचे त्यांचे 'भिसोटाइप' यंत्र ह्याच मार्गाने पुढे आले, आणि १९१० मध्ये रतन टाटा यांच्या भांडवलावर त्यांच्या शोधांसाठी स्वतंत्र सिंडिकेट स्थापन झाले. परंतु ते फार काळ टिकले नाही. १९१६ मध्ये भिसे अमेरिकेस गेले आणि उरलेले आयुष्य त्यांनी तेथेच घालविले. त्यांच्या बुद्धीविषयी वा उद्योगाविषयी शंका घेण्यास जागा नाही. उणीव होती ती यंत्र तयार करून बाजारात टिकवून धरणाऱ्या कारखान्याची. पेटंट हा दुसऱ्यास मनाई करण्याचा अधिकार आहे. स्वतः निर्मिती करण्याचे सामर्थ्य त्यातून येत नाही.

७

३० नोव्हेंबर १९१७ रोजी कलकत्त्यास बोस यांनी आपली संशोधनसंस्था राष्ट्रास अर्पण केली. येथे लागणारे शोध प्रसिद्ध होऊन सर्वांची मालमत्ता ठरतील, त्यांवर पेटंट घेतले जाणार नाही, असे त्यांनी उद्घाटनाच्या भाषणात जाहीर केले. हा चौथा निर्णय. १९०१ मध्ये जी वैयक्तिक निवड होती, तिला येथे संस्थेच्या नियमाचे रूप आले. ह्यावेळी १९०१ ते १९०४ चा अनुभव त्यांच्या गाठीस होता, म्हणून ह्या निर्णयाचे नैतिक मोल सर्वांत अधिक मानले पाहिजे. पेटंट घेऊन पाहिलेल्या मनुष्याने ते नाकारले आहे.

ह्या चारही प्रसंगांवरून असे म्हणता येते की, पेटंटाचा प्रश्न लोभ विरुद्ध त्याग असा मांडल्याने इतिहास समजत नाही. शोधकासमोर प्रत्यक्षात तीन निरनिराळे प्रश्न असतात: शोध केव्हा प्रकट करावा, त्याची निर्मिती कोण करील, आणि त्यावरील हक्काचे वा श्रेयाचे रक्षण कोण करील. मार्कोनीजवळ तिन्हींची उत्तरे पहिल्या दिवसापासून होती. भिसे यांस पहिल्याचे उत्तर ठाऊक होते, दुसऱ्यापाशी ते अडले. बोस यांनी पहिल्याचे उत्तर विज्ञानाच्या परंपरेनुसार दिले. उरलेल्या दोहोंची उत्तरे एकट्या शोधकाने द्यावयाची नसतात, ती समाजाच्या उद्योगसंस्थांनी व विद्यासंस्थांनी द्यावयाची असतात. परतंत्र हिंदुस्थानात तशा संस्था जवळजवळ नव्हत्या. खुलेपणाने वागणाऱ्याचे श्रेय गेले आणि हक्क मागणाऱ्यास धन मिळाले नाही, ह्या दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच उणिवेत आहे. बोस यांच्या निःस्पृहतेचा गौरव करताना ही उणीव झाकली जाऊ नये, इतकेच ह्या विवेचनाचे तात्पर्य होय.