जँगो : वृत्तपत्राच्या कचेरीतून फाउंडेशनपर्यंत

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातलं लॉरेन्स हे विद्यापीठाचं गाव. तिथलं स्थानिक दैनिक ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ आणि त्याच्या वेबसाइट सांभाळणारा विभाग ‘वर्ल्ड ऑनलाइन’. २००३ साली एड्रियन होलोवाटी आणि इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातून वर्षभराच्या कामासाठी आलेला सायमन विलिसन हे दोघं तिथे प्रोग्रामर होते. कामाची रीत दैनिकाचीच. संपादकांच्या डोक्यात काही आलं की ते दोन-चार दिवसांत, कधी तर काही तासांत, वाचकांसमोर हवं असायचं. पीएचपीमधल्या जुन्या कोडची डागडुजी करून दोघं वैतागले होते, म्हणून नवं काम त्यांनी पायथनमध्ये सुरू केलं. फ्रेमवर्क तयार करायचं असं ठरवून कुणी बसलं नव्हतं. एका साइटसाठी लिहिलेला भाग दुसरीलाही लागतो हे दिसलं की तो बाजूला काढून ठेवला जायचा. अशा बाजूला काढलेल्या भागांतूनच जँगो हे वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क उभं राहिलं.

नाव पडलं ते जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी होऊनही त्याने जॅझमध्ये आपली स्वतंत्र शैली घडवली होती. होलोवाटी स्वतः त्याच धाटणीची गिटार वाजवतो.

विलिसनची मुदत संपण्याच्या सुमारास जेकब कॅप्लन-मॉस संघात आला. जुलै २००५ मध्ये दैनिकाच्या मालकांनी हा कोड बीएसडी परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला केला. गावपातळीवरच्या वृत्तपत्राने आपलं रोजचं अवजार जगाला मोफत द्यावं, ही त्या काळातली मोठीच गोष्ट. घोषवाक्यही कचेरीला शोभेल असं होतं : काम चोख हवं आणि वेळेतही हवं, अशांसाठी फ्रेमवर्क.

वृत्तपत्राचा ठसा सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘ॲडमिन’मध्ये. डेस्कवरच्या उपसंपादकाला बातमी भरायला, दुरुस्त करायला आणि प्रसिद्ध करायला फॉर्म हवेत, आणि ते प्रत्येक साइटसाठी नव्याने बनवत बसायला प्रोग्रामरकडे वेळ नाही. जँगोत माहितीची रचना एकदा ‘मॉडेल’ म्हणून सांगायची. समजा, प्रश्न आणि त्याची तारीख. एवढ्या चार-पाच ओळींवरून डेटाबेसमधला तक्ता तयार होतो. हे मॉडेल ॲडमिनमध्ये नोंदवायला आणखी एक ओळ पुरते. ब्राउझर उघडून लॉगिन केलं की यादी आणि भरायचे फॉर्म तयार असतात. नवशिक्याला पहिला धक्का बसतो तो इथे. दुसरा बसतो तेव्हा, जेव्हा हेच ॲडमिन ग्राहकांसमोर ठेवायचा मोह होतो. तो टाळावा. ॲडमिन कचेरीच्या आतल्या विश्वासू माणसांसाठी आहे, दर्शनी दुकानासाठी नाही.

जँगो शिकणाऱ्यांच्या पिढ्या ज्या धड्यावर वाढल्या, तो अधिकृत दस्तऐवजातला जनमत चाचणीचा धडा. प्रश्न, त्याचे पर्याय, मत द्यायची सोय आणि शेवटी निकालाचं पान. ‘रनसर्व्हर’ ही आज्ञा दिली की स्वतःच्याच संगणकावर साइट चालू होते. कोरा प्रकल्प असेल तर स्वागताच्या पानावर रॉकेट दिसतं. पुढे यूआरएल कुठे लिहायची, व्ह्यू म्हणजे काय, टेम्प्लेट कुठे ठेवायचं हे ओळीने येतं, आणि कोड तपासणाऱ्या चाचण्या लिहिणं हा त्यातलाच एक भाग आहे. माझ्या मते जँगोचं सर्वांत भक्कम बांधकाम कोडपेक्षा या दस्तऐवजाचं आहे. मदत मागायला कुणी जाणकार जवळ नसलेल्या गावातला विद्यार्थीही त्याच्या आधाराने पहिली साइट उभी करू शकतो.

झटपट काम व्हावं म्हणून सुरुवातीच्या जँगोत पडद्याआड बरीच जादू चालायची. कोडमध्ये न दिसणारी मॉड्यूल्स आपोआप तयार व्हायची, आणि पायथन येणाऱ्यालाही नेमकं काय घडतंय ते कळेना. २००६ मध्ये संघाने ही जादू काढून टाकायची मोहीमच हाती घेतली आणि ०.९५ आवृत्तीत ती पूर्ण केली. लोकांचा चालू कोड त्यामुळे मोडला, कुरकुर झाली. पण निर्णय योग्य होता. पुढचे बदल पचले ते यामुळेच.

२००८ हे संस्थेच्या जन्माचं वर्ष. जूनमध्ये ‘जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था जाहीर झाली, सप्टेंबरमध्ये १.० आवृत्ती आली आणि त्याच महिन्यात जँगोकॉन ही पहिली परिषद भरली. प्रकल्पाला एका दैनिकाच्या बाहेर स्वतःचं घर मिळालं.

तरी रोजचं काम फावल्या वेळातच चालायचं. कंटाळवाणं काम कुणी करायचं, हा प्रश्न तसाच होता. तक्त्यात एक रकाना वाढवायचा तर एसक्यूएल हाताने लिहावं लागे. अँड्र्यू गॉडविनचं ‘साउथ’ हे वेगळं पॅकेज ती उणीव भरून काढी. २०१३ मध्ये त्याने किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले आणि २०१४ च्या १.७ आवृत्तीत तक्ते असे बदलण्याची, म्हणजे मायग्रेशनची, सोय जँगोतच आली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला होलोवाटी आणि कॅप्लन-मॉस अंतिम निर्णयाच्या अधिकारातून पायउतार झाले होते, आणि वर्षअखेरीस फाउंडेशनने देणग्यांच्या बळावर पगारी ‘फेलो’ नेमला. आलेल्या तक्रारी चाळणं, दुरुस्त्या तपासणं, सुरक्षेच्या त्रुटी बुजवणं, आवृत्त्या वेळेवर सोडणं हे त्याचं काम. साधारण दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते, त्यामागे ही नेमणूक आहे. २०२० मध्ये ‘कोअर टीम’ हा मानाचा गटही विसर्जित करून जबाबदाऱ्या वाटून दिल्या गेल्या. मान सोडायला आपल्याकडच्या किती संस्था तयार होतील?

२०१४ चीच आणखी एक देणगी ‘जँगो गर्ल्स’. जुलैमध्ये बर्लिनच्या युरोपायथन परिषदेत दोन पोलिश मुलींनी स्त्रियांसाठी एक दिवसाची मोफत कार्यशाळा घेतली. प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या मुलीने संध्याकाळी आपला ब्लॉग इंटरनेटवर चढवूनच उठायचं, असा बेत. त्याचं पाठ्यसाहित्य खुलं असल्याने पुढे भारतासह अनेक देशांत तशा कार्यशाळा झाल्या.

आपल्याकडे पायथनच्या मंडळींची राष्ट्रीय परिषद, पायकॉन इंडिया, २०११ मध्ये पुण्यात भरली होती. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने जँगोवर ‘यक्ष’ ही परीक्षा घेणारी प्रणाली बांधली आहे. विद्यार्थी ब्राउझरमध्येच प्रोग्रॅम लिहितो आणि उत्तर लगेच तपासून मिळतं. महाभारतातल्या प्रश्नकर्त्याचं नाव चपखल आहे.

सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. असिंक्रोनस कामाची सोय जँगोत २०१९ च्या ३.० पासून हप्त्याहप्त्याने आली, आणि अजूनही ती सर्वत्र पोचलेली नाही. जावास्क्रिप्टच्या जमान्यात त्याला जुनाट म्हणणारेही पुष्कळ. तरी जुलै २०२५ मध्ये त्याने वीस वर्षं पूर्ण केली, आणि या क्षेत्रात वीस वर्षं म्हणजे फार झाली.

मराठी वाचकांना एक विनंती. सेटिंग्जच्या फाइलमध्ये भाषेचा संकेत बदलला की ॲडमिनची बटणं आणि चुकांचे संदेश त्या भाषेत दिसतात. या यादीत मराठी आहे, पण जेवढा मजकूर भाषांतरित झालाय तेवढाच मराठीत दिसतो, उरलेला इंग्रजीत. हे काम स्वयंसेवक करतात आणि त्याला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. मराठी नीट लिहिता येणाऱ्या दोघा-चौघांनी या भाषांतरासाठी नाव नोंदवावं.