नागिणीनंतरची वेदना : उपचारांच्या तुलनेचा इतिहास

नागिणीच्या पुरळाची दोन टोके कमरेभोवती एकमेकांस मिळाली की रोगी दगावतो, असा एक जुना समज महाराष्ट्रात आढळतो. वस्तुतः हे पुरळ बहुधा शरीराच्या एकाच बाजूस उठते व मध्यरेषेपाशी थांबते. खरे भय निराळेच आहे. खपल्या पडून गेल्यावरही काहींच्या, विशेषतः वृद्धांच्या, त्या जागेची आग महिनोन्‌महिने शमत नाही; वस्त्राचा स्पर्शही असह्य होतो. बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे या दुःखावर इतरांचा विश्वास बसणे कठीण जाते. म्हणूनच त्यावरील उपचारांचा इतिहास हा बऱ्याच अंशी रोग्याच्या शब्दास प्रमाण मानण्याचा इतिहास होय.

१९०० साली हेन्री हेड व ए. डब्ल्यू. कॅम्पबेल यांनी २१ शवांच्या तपासणीवरून या रोगाचे मूळ कण्यालगतच्या संवेदनावाहक ज्ञानतंतूंच्या गाठींत असल्याचे दाखविले. स्थान कळल्यावर वेदनेचा मार्गच तोडावा, हा विचार ओघानेच आला. शल्यविशारदांनी ज्ञानतंतूंची मुळे छेदली; प्रसंगी मज्जारज्जूवरही शस्त्र चालविले. फळ मात्र अनिश्चित राहिले. वेदना पुष्कळदा परतून येई. शिवाय ती कित्येकांत काळानेही ओसरते. तेव्हा आलेला गुण उपचाराचा की काळाचा, हे एकेकट्या अनुभवावरून ठरविता येत नसे.

१९८२ साली वॉटसन व त्यांचे सहकारी यांनी कॅनडात २४ रोग्यांना अॅमिट्रिप्टिलीन आणि तशीच दिसणारी निर्गुण गोळी आळीपाळीने दिली. कोणती गोळी केव्हा दिली, हे रोग्यास वा वैद्यास ठाऊक नव्हते. १६ जणांस औषधाने चांगला आराम पडला. हे औषध मूळचे मनाच्या खिन्नतेवरील. परंतु यांतील बहुतेक रोगी खिन्न नव्हतेच. १९८८ साली अमेरिकेत मॅक्स व सहकाऱ्यांनी ५८ रोग्यांवरील प्रयोगात लोराझेपाम हे मन शांत करणारे औषधही तुलनेस घेतले. मध्यम वा अधिक आराम अॅमिट्रिप्टिलीनने ४७ टक्के, निर्गुण गोळीने १६ टक्के व लोराझेपामने १५ टक्के रोग्यांस पडला. मन शांत करणे व वेदना शमविणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसले. 'दुखणे मनाचेच आहे' असे ऐकत आलेल्या रोग्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा होता.

१९९८ साली गॅबापेंटिनची २२९ रोग्यांवर परीक्षा झाली. दहापैकी गुण देऊन रोग्यांनी आपली वेदना नोंदविली. आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांची सरासरी ६.३ वरून ४.२ वर आली, इतरांची ६.५ वरून ६.० वर. म्हणजे वेदना उणावली, नाहीशी झाली नाही. त्यातच पहिल्या औषधाने तोंडास कोरड पडते, तर दुसऱ्याने घेरी व गुंगी येते. वृद्धांना ही किंमत लहान नव्हे.

म्हणूनच २००५ सालच्या लसीच्या प्रयोगाचे महत्त्व मोठे आहे. साठ वर्षे व त्यांवरील ३८,५४६ व्यक्तींच्या या पाहणीत लसीमुळे नागिणीनंतरच्या वेदनेचे प्रमाण ६६.५ टक्क्यांनी घटले. जी वेदना जडल्यावर कोणताही उपचार ती पुरती हरण करू शकत नाही, ती जडूच न देणे श्रेयस्कर, हाच या दीर्घ तुलनेचा निष्कर्ष म्हणावा लागेल.